वाक्यातला कर्ता कुठे गेला?

वाचकाचं पत्र (थोडं छोटं करून):

"ताई, मी २९ वर्षांची आहे. सहा वर्षं मान खाली घालून काम केलं आणि दोन महिन्यांपूर्वी अचानक मला टीम लीड केलं. सहा जणांची टीम, त्यातले दोघं वयानी माझ्यापेक्षा खूप मोठे, एक सर तर मी शाळेत होते तेव्हापासून हेच काम करतायत. गेल्या आठवड्याच्या स्टेटस रिपोर्टमध्ये दोन कामं मी 'पूर्ण' म्हणून ग्रीन दाखवली, खरं तर त्यांचं टेस्टिंग बाकी होतं. मॅनेजर म्हणाले, 'आत्ता ग्रीन दाखव, पुढच्या आठवड्यात उरकून टाकू, क्लायंटला उगाच कशाला घाबरवायचं.' मी काही बोलले नाही. मीटिंगमध्ये क्लायंटनी विचारलं तेव्हा पण मी 'हो, झालंय' म्हणाले. ते सर समोरच होते, त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून त्यांच्याशी नजर मिळवता येत नाहीये. माझ्यात लीडरचा कॉन्फिडन्सच नाहीये का? की आत्ता गप्प बसावं, जरा सीनियर झाल्यावर तत्त्वांचं बघता येईल? आणि ऑफिसनी लीडरशिपचा दोन दिवसांचा कोर्स करायला सांगितलाय, तो करू का? – गोंधळलेली"

अगं गोंधळलेली, (मला तर तू फारशी गोंधळलेली वाटत नाहीयेस, काय चुकलं ते तुला नेमकं माहितीये, पण नाव तू निवडलंयस तर असो.)

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एक गंमत दिसली. मला लिहिताना तू लिहिलंयस "दोन कामं मी ग्रीन दाखवली". क्लायंटला काय सांगितलंस? "झालंय". म्हणजे मला सांगताना वाक्यात 'मी' आहे, आणि मीटिंगमध्ये तो 'मी' गायब. मला व्याकरणाची जुनी खोड आहे, वाक्य दिसलं की मी आधी कर्ता शोधते, आणि इतकी वर्षं ऑफिसात काढल्यावर माझं असं मत झालंय की माणूस लीडर आहे का नाही हे त्याच्या आवाजावरून, कपड्यावरून, उभं राहायच्या पद्धतीवरून कळत नाही, वाईट बातमी सांगताना तो वाक्यातला कर्ता कुठे ठेवतो त्यावरून कळतं.

ऐकून बघ आजूबाजूला. "निर्णय घेण्यात आलेला आहे." कोणी घेतला? "जरा त्रुटी राहून गेली." हे 'राहून गेली' तर मला फार आवडतं, जणू ती त्रुटी स्वतःच्या पायानी चालत आली आणि कोपऱ्यात बसून राहिली. "मेल सुटला." "फाइल इकडची तिकडे झाली." आणि तेच काम चांगलं झालं की बघ, "मी पाठपुरावा केला", "मी त्यांच्याकडून करून घेतलं". चांगल्या बातमीला कर्ते चार चार असतात आणि वाईट बातमी बिचारी अनाथ.

मी काही धुतल्या तांदळासारखी नाहीये हां. मी साधारण तुझ्याच वयाची असताना एका ठिकाणी (नाव सांगत नाही, उपयोग नाही) आमच्याकडून वरच्या लोकांना आकड्यांचा एक तक्ता गेला, त्यात एक कॉलम अख्खा चुकलेला. मीटिंगमध्ये विचारणा झाली तेव्हा मी म्हणाले, "डेटा एन्ट्रीच्या लेव्हलला चूक झालीये." शब्दन् शब्द खरा होता. फक्त एन्ट्री करणारा एकच मुलगा होता, तो त्याच खोलीत बसलेला होता, आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. तक्ता तपासून सही मी केली होती, ते कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तो मुलगा भांडला वगैरे काही नाही. पण त्यानंतर जवळजवळ वर्षभर आमच्याकडे काही बिघडलं की मला सगळ्यात शेवटी कळायचं, कारण तो मला सांगायचाच नाही, आधी स्वतः निस्तरायचा प्रयत्न करायचा, मग दुसऱ्या कोणाला विचारायचा आणि अगदीच हाताबाहेर गेलं की मग माझ्याकडे. मला वाटायचं हा असा काय घुम्या. खूप नंतर डोक्यात प्रकाश पडला की त्याला घुम्या मीच केलं होतं, त्या एका वाक्यानी. माफी मागितली नंतर, पण तोवर तो नोकरी बदलून गेला होता, त्यामुळे फोनवर मागितली, तो "अहो मॅडम, कधीचं काय काढताय" म्हणून हसला. त्यानी हसण्यावारी नेलं. माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

आता याच्या उलटं उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरलं, ६ जून १९४४, पहिल्याच दिवशी दीड लाखाच्या आसपास माणसं. सगळ्याचा प्रमुख होता आयझेनहॉवर. आदल्या दिवशी, म्हणजे सैन्य निघायच्या बेतात असताना, त्यानी एका छोट्या कागदावर पेन्सिलीनी चार ओळी लिहून ठेवल्या, हल्ला फसला तर जाहीर करायला. त्यात आधी लिहिलं होतं की सैन्य मागे घेण्यात आलंय. मग ते खोडलं आणि लिहिलं, मी सैन्य मागे घेतलंय. शेवटी लिहिलं की सैनिकांनी शौर्यात काही कमी केलं नाही, दोष असेल तर तो एकट्या माझा. हा कागद पाकिटात ठेवला, हल्ला यशस्वी झाला, कागदाची गरजच पडली नाही, काही आठवड्यांनी त्याच्या मदतनीसाच्या हाती तो लागला आणि म्हणून आज आपल्याला माहितीये. मला त्यातलं ते खोडणं फार मोलाचं वाटतं. म्हणजे इतक्या मोठ्या माणसाच्या हातून पण पहिलं वाक्य कर्ता नसलेलंच आलं! "घेण्यात आलंय" हे सगळ्यांच्याच तोंडी आधी येतं, ती काही तुझी एकटीची खोट नाही. त्यानी फक्त परत वाचलं आणि बदललं. आणि बहाणा तर तयार होता त्याच्याकडे, हवामान खराब होतं, त्याच्यासाठी हल्ला एक दिवस पुढे ढकललेलाच होता, सगळं खापर वाऱ्यापावसावर फोडता आलं असतं. (त्या कागदावर त्यानी तारीख पण चुकवलीये, जूनच्या जागी जुलै लिहिलंय. इतकं टेन्शन होतं माणसाला. तेव्हा कॉन्फिडन्स म्हणजे पोटात गोळा न येणं असं जर तुला वाटत असेल तर ते आधी डोक्यातून काढ.)

तुझा पहिला प्रश्न होता कॉन्फिडन्स नाहीये का. तुला तो आधी हवाय, म्हणजे मग तू खरं बोलशील. माझा अनुभव असा की तो क्रमच उलटा आहे, तू थरथरत का होईना एकदा खरं बोलतेस, आभाळ कोसळत नाही, मग पुढच्या वेळी थरथर थोडी कमी होते, आणि असं आठदहा वेळा झालं की लोक म्हणायला लागतात की हिच्यात पहिल्यापासूनच कॉन्फिडन्स आहे बाई. आपल्याला हे जमत नाही, आपण चुकून इथे आलोय, कधीतरी पकडले जाऊ, असं वाटणं इतकं कॉमन आहे की १९७८ साली क्लान्स आणि आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञ बायकांनी त्याला नावच देऊन टाकलं, इम्पोस्टर फिनॉमेनन, आणि त्यांनी ज्या बायका बघितल्या होत्या त्या सगळ्या चांगल्या शिकलेल्या, नाव कमावलेल्या होत्या. पण तुझ्या बाबतीत मला वाटतं तुला रात्री जे खातंय ते हे नाहीच. तू एक खोटं बोललीयेस आणि ते तुला टोचतंय, बस. तो तुझ्यातला दोष नाही, उलट टोचणारं यंत्र चालू आहे, हे चांगलं लक्षण आहे.

तर आता काम. पुढचा रिपोर्ट जायच्या आधी मॅनेजरकडे जा. मीटिंगमध्ये नाही, चारचौघांत नाही, दोघंच असताना. आणि क्लायंटकडे किंवा त्यांच्या वरच्या साहेबांकडे परस्पर जाऊ नकोस, आधी त्यांना संधी दे. काय बोलायचं ते घरी लिहून काढ, आणि मोठ्यानी म्हणून बघ, आरशासमोर नको, ते फार विचित्र वाटतं, चालता चालता म्हण. साधारण असं: "सर, मागच्या रिपोर्टमध्ये मी ती दोन कामं ग्रीन दाखवली, त्यांचं टेस्टिंग अजून झालेलं नाहीये. मी तसं दाखवायला नको होतं. या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये मी ती पिवळी करतेय आणि टेस्टिंग कधी संपेल ती तारीख टाकतेय. तुम्हाला आधी सांगतेय म्हणजे क्लायंटसमोर तुमची अडचण व्हायला नको." इतकंच. यात "तुम्हीच म्हणाला होतात" कुठेही नको. मला माहितीये ते खरं आहे, आणि तुझ्या जिभेवर ते येणारच, पण ते वाक्य निघालं की पुढचा अर्धा तास कोण काय म्हणालं होतं यावरच जाईल. आणि हात हलवत जाऊ नकोस, टेस्टिंगला किती दिवस लागतील, कोण करेल, दुसरं काय मागे पडेल हे घेऊन जा, कारण मॅनेजर पण माणूस आहे, त्याला पण वरून कोणीतरी विचारणारंय, आणि बाहेर पडायची वाट दिसली तर निम्मी माणसं त्या वाटेनी निघतात.

नाही निघाले तर? म्हणाले "अगं आत्ता राहू दे"? तर एक वाक्य तयार ठेव, "बाकी काहीही सांगा, मी करते, पण जे झालेलं नाही ते झालं असं मला माझ्या नावानी लिहिता येणार नाही." आवाज चढवायचा नाही, रडू आलं तर येऊ दे, वाक्य पूर्ण कर. आणि जे बोलणं झालं त्याचा दोन ओळींचा साधा मेल त्याच दिवशी त्यांना टाक, धमकीच्या सुरात नाही, "आज बोलल्याप्रमाणे मी अमुक करतेय" एवढंच. याची किंमत शून्य असेल असं मी म्हणणार नाही. कदाचित थोडे दिवस ते फुरंगटून बसतील, कदाचित पुढचं चांगलं काम दुसऱ्याला जाईल. म्हणून माझा एक अत्यंत रुक्ष सल्ला, जो लीडरशिपच्या कोर्समध्ये कोणी देणार नाही: चारसहा महिन्यांचा घरखर्च बाजूला साठवत जा. तत्त्वांना पाठीचा कणा लागतो हे सगळे सांगतात, तो कणा बराचसा बँकेत असतो हे सांगत नाहीत.

प्रत्येक गोष्टीवर असं अडून बसायचं का? मुळीच नाही, नाहीतर लोक तुला येताना बघून जिन्यानी जातील. रिपोर्टचा फॉरमॅट, मीटिंगची वेळ, कोणाचं नाव आधी आलं, सोडून दे. माझी कसोटी साधी आहे, समोरच्याला उद्या कळलं आणि तो म्हणाला "मला तेव्हाच सांगितलं असतंस तर मी वेगळं ठरवलं असतं", तर ते लपवणं चूक. तुझ्या दोन ग्रीनवर विसंबून क्लायंट त्यांच्याकडे काहीतरी ठरवणारे, तारीख जाहीर करतील, पुढची कामं लावतील, म्हणून हे त्यात बसतं.

आता बोलायचं कसं याबद्दल अजून एक, आणि हे मी जरा सविस्तर सांगणार आहे कारण इथे फार चांगली माणसं घसरतात. २७ मार्च १९७७, टेनेरीफ बेटावरचा विमानतळ, धुकं इतकं की धावपट्टीचं दुसरं टोक दिसत नाही, आणि एकाच धावपट्टीवर दोन जंबो जेट. डच विमानाचा कॅप्टन म्हणजे कंपनीतलं मोठं नाव, दुसऱ्या पायलटांना शिकवणारा, कंपनीच्या जाहिरातीत फोटो असलेला. त्यानी परवानगी मिळालेली नसताना विमान पळवायला सुरुवात केली. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरनी रेडिओवरचं बोलणं ऐकलं होतं, त्याला शंका आली, त्यानी विचारलं, ते दुसरं विमान बाजूला झालं नाहीये का? कॅप्टन म्हणाला, काय म्हणालास? त्यानी परत विचारलं. कॅप्टन ठासून म्हणाला, हो हो, झालंय. त्यानंतर त्यावर कोणी काही बोललं नाही, आणि काही सेकंदांत टक्कर. ५८३ माणसं गेली.

तो इंजिनियर घाबरट होता का? नाही ना, दोनदा बोलला तो. पण दोन्ही वेळा प्रश्न विचारला, आणि प्रश्नाची अडचण अशी की त्याचं उत्तर "हो" एवढंच देऊन समोरचा मोकळा होतो. "दुसरं विमान अजून धावपट्टीवर आहे असं मला वाटतं, थांबा" याला नुसतं हो म्हणून भागत नाही. पुढे विमान कंपन्यांनी हे शिकवायलाच घेतलं, की खालच्यानी शंका स्पष्ट वाक्यात सांगायची, दोनदा सांगून दाद दिली नाही तर पुढची पायरी कोणती ते ठरलेलं असायचं, आणि कॅप्टननी ऐकून घ्यायचं, ते पण प्रशिक्षणाचा भाग म्हणून. आपल्या मीटिंगांमध्ये विमानं आदळत नाहीत, पण आपण सगळे तसंच बोलतो, "टेस्टिंगचं काय ते बघायला हवं का आपण?" असं काहीतरी शेपूट घातलेलं. प्रश्नचिन्ह काढ आणि परत म्हण. "टेस्टिंग बाकी आहे." बघ किती छोटं झालं.

आणि यातच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, सीनियर झाल्यावर बघता येईल का. तो कॅप्टन सगळ्यात सीनियर होता, आणि त्याच्या त्या सीनियर असण्यामुळेच बाकीचे गप्प बसले असावेत असं मला वाटतं. वर गेल्यावर तत्त्व पाळणं सोपं होतं हा मोठा गैरसमज आहे. पगार वाढतो, हप्ते वाढतात, नाव होतं, ते जपायचं असतं, आणि मुख्य म्हणजे तुला खरं सांगणारी माणसं एकेक करून कमी होत जातात. आत्ता तुझ्या हातात सहा माणसं आणि दोन कामं आहेत, चूक दुरुस्त करायला याच्यापेक्षा स्वस्त वेळ परत मिळणार नाही. पन्नाशीत पहिल्यांदा "माझं चुकलं" म्हणणारी माणसं मी बघितलीयेत, म्हणतात, जमतं, पण जीभ फार जड झालेली असते.

त्या सरांचं. त्यांच्याशी नजर मिळत नाहीये म्हणतेस, तर मॅनेजरच्या आधी त्यांच्याकडे जा. मी इतकं खात्रीनं का सांगतेय, तर सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञानी १९५० च्या दशकात एक प्रयोग केला होता, खोलीतले बाकी सगळे ठरवून एका रेघेच्या लांबीबद्दल धडधडीत चुकीचं उत्तर द्यायचे आणि एकट्या बिनतयारीच्या माणसाचं काय होतं ते बघायचं. साधारण एक तृतीयांश उत्तरांत लोक बहुमताची री ओढायचे, डोळ्यांनी वेगळं दिसत असून. पण खोलीत फक्त एकजण जरी खरं बोलणारा ठेवला, तरी हे री ओढणं एकदम खाली यायचं. एकच माणूस पुरतो. तुझ्या खोलीत तो माणूस होता, तो तुझ्याकडेच बघत होता, आणि तुला वाटलं तो तुझा न्याय करतोय. करत असेलही. पण मला वाटतं तो वाट बघत होता, कारण त्याला पण एकटं बोलायचं नव्हतं. (हो, त्यांनी पण बोलायला हवं होतं, इतक्या अनुभवाच्या माणसानी. ते मी त्यांचं पत्र आलं की त्यांना सांगेन.)

त्यांना "सर"च म्हण, लीड झालीस म्हणून लगेच नावानी हाक मारायची काही गरज नाही, आणि मला सगळं येतं असा आवही आणू नकोस, त्यांना दोन मिनिटांत कळेल. "सर, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं, मी ते बदलतेय, टेस्टिंगला खरे किती दिवस लागतील ते मला तुमच्याकडून हवंय." विचारायचं त्यांना, ठरवायचं तू. विचारलं म्हणजे मान खाली गेली असं नसतं, पण विचारून झाल्यावर निर्णय त्यांच्याच गळ्यात टाकलास, "सर म्हणाले म्हणून", तर परत तेच, कर्ता गायब.

आणि तुझी टीम. तू आता कोणाची तरी मॅनेजर आहेस हे विसरू नकोस, तुला पण कोणीतरी ग्रीन दाखवणारंय. एमी एडमंडसन म्हणून एक प्राध्यापिका आहे, तिनी हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास करताना बघितलं तर चांगल्या टीम्समध्ये चुकांचे आकडे जास्त निघाले, तीच चक्रावली, आणि मग लक्षात आलं की त्या टीम्स चुका जास्त करत नसाव्यात, मोकळेपणानी सांगत होत्या. तेव्हा सहाच्या सहा जणांकडून सलग तीन आठवडे सगळं ग्रीन आलं तर खुश होऊ नकोस, काहीतरी पाणी मुरतंय असं समज. पहिल्यांदा कोणी "झालं नाहीये" सांगायला येईल तेव्हा तुझा चेहरा कसा होतो हे बाकीचे पाच जण बघणारेत. तेव्हा तोंडातून पहिला शब्द "का" येऊ देऊ नकोस. "बरं झालं आत्ता सांगितलंस, काय लागेल?" असं म्हण, मनात कितीही शिव्या येत असल्या तरी. आणि वर सांगायला जाशील तेव्हा "टीमकडून उशीर झालाय" नको. "मी अंदाज चुकवला", कारण टीमनी तारीख दिली असली तरी पुढे तूच पाठवलीस ना.

कोर्सचं राहिलं. कर की, दोन दिवस ऑफिसमधून सुटका आणि दुसऱ्या टीम्सची चार माणसं भेटतील, त्यातला एखादा तुझ्यासारखाच रात्री जागा असेल. स्लाइड्समधून फार काही मिळेल असं मला वाटत नाही, पण मी जुन्या वळणाची आहे, मला चूक ठरव. फक्त कोर्स पुढच्या रिपोर्टच्या आधी असेल तर त्याच्यानंतर मॅनेजरशी बोलते असं करू नकोस, ते आधी उरकून घे.

आणि बोललीस की मला कळव, मॅनेजर काय म्हणाले ते जसंच्या तसं लिही, वाईट बोलले असतील तरी. आपण पुढचं बघू.

– तुझी ताई